मसादाचं शेवटचं घमेलं

आमच्या शाळेत दर वर्षी दिवाळीच्या सुमारास एक किल्ला पडायचा. बांधायचो मी, पाडायचा केव्ह.

केव्ह म्हणजे आमच्या इतिहास विभागाचा प्रमुख. सहा फुटांच्या वर कुठेतरी संपणारा माणूस. नक्की कुठे, ते मान दुखायला लागायची म्हणून मी कधी बघितलं नाही. विटेच्या रंगाची कातडी, बारमाही हाफ पँट आणि आवाज असा, की तो लायब्ररीत कुजबुजला की बाहेर मैदानावरचे बोलर रनअप विसरायचे. तरुणपणी तो सैन्यात होता, पूल आणि रस्ते बांधणाऱ्या तुकडीत. तिथून मास्तरकीत आला. कारण विचारलं तर म्हणायचा, "बांधलेलं सगळं कुणीतरी पाडतंच, मेट. म्हटलं, आता पाडणाऱ्यांचा अभ्यास करू."

मी पुण्याचा. तिथे शाळेत इतिहास शिकवायचो आणि रविवारी मुलांची माळ घेऊन गडांवर जायचो. सिडनीत आलो तो बायकोच्या व्हिसावर. शुभाला इथल्या आयटी कंपनीने बोलावलं, मी सामानाबरोबर आलो. सामानात तिची दोन पुस्तकं, प्रेशर कुकर आणि माझं लोखंडी घमेलं होतं. विमानतळावरच्या बाईंनी घमेलं उलटंपालटं करून विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हटलं, "किल्ले बांधतो." त्या म्हणाल्या, "आमच्याकडे किल्ले नाहीत." मी म्हटलं, "म्हणूनच आणलंय." शुभाच्या मते हा संवाद झालाच नाही, त्या बाईंनी फक्त घमेल्याला माती लागली आहे का ते तपासलं. असेलही.

माझा धंदा जरा समजावून सांगतो. इथे अकरावी-बारावीला प्राचीन इतिहास हा स्वतंत्र विषय घेता येतो. आमच्या पश्चिम सिडनीत वर्गात लेबनीज, टोंगन, फिलिपिनो, सगळ्यांची मुलं असायची. आपली मात्र क्वचित. आपल्या लोकांना बारावीचे विषय म्हणजे दोन प्रकारचं गणित, भौतिक, रसायन आणि नाइलाज म्हणून इंग्लिश. एकदा शाळेच्या ओपन डेला आमच्याच गिरावीन उपनगरातले एक गृहस्थ आले, मूळचे कोथरूडचे, मोठे प्रोजेक्ट मॅनेजर. मुलीला हा विषय हवा होता, बापाला पुरावा हवा होता.

"सर, याचं स्केलिंग कसं आहे? म्हणजे बारावीच्या एकूण गुणांत हे मार्क चढतात की उतरतात?"

मी स्केलिंगला बगल देऊन मसादाची गोष्ट लावली. मृत समुद्राच्या काठी चहूकडून तुटलेला एकटा डोंगर. एका जुन्या राजाने वर महाल बांधलेला, कातळात हौद खोदलेले, कोठारं भरलेली. ज्यूंचं रोमविरुद्धचं बंड मोडलं, जेरुसलेम जळलं, सगळं संपलं. तरी काही बंडखोर बायकामुलांसह या डोंगरावर जाऊन बसले. हजारभर माणसं, त्यातली लढणारी किती देव जाणे. त्यांच्यासाठी रोमने अख्खी एक लीजन, म्हणजे पाचेक हजारांची फौज, पाठवली. डोंगराभोवती तट घातला, छावण्या ठोकल्या. वैराण मुलूख, थेंब थेंब पाणी लांबून वाहून आणायचं. एवढं करून पश्चिमेच्या अंगाला डोंगराची एक सोंड होती, तिच्यावर माती, दगड, लाकडं रचत रचत थेट तटापर्यंत उतार चढवला. आपल्या बखरींत याला दमदमा म्हणतात.

गृहस्थांनी हिशेबी चेहऱ्याने ऐकलं. "म्हणजे बजेट अख्ख्या लीजनचं आणि डिलिव्हरेबल एक डोंगर? सर, कॉस्ट-बेनिफिट कुणी केलंच नाही का? खाली चार माणसं पहाऱ्याला ठेवायची आणि घरी जायचं."

शेजारी केव्ह उभा होता. मी त्याला भाषांतर करून सांगितलं. तो गृहस्थांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "मेट, तुमच्या मुलीला नाही, तुम्हालाच वर्गात बसवतो. दर वर्षी पेपरात हाच प्रश्न असतो."

मुलगी वर्गात आली. बाप दर पालकसभेला येऊन विचारायचा, "मग? मिळालं का उत्तर?"

तर पहिल्या वर्षाची गोष्ट. मसादा शिकवायला घेतला आणि माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. आपल्याला वेढ्याची गोष्ट फक्त आतूनच सांगता येते. वेढा म्हटला की आपण आपोआप तटाच्या आत जाऊन बसतो. बाहेरचा तो गनीम. आणि गड म्हटला की त्याला चोरदिंडी असणारच, आतला सरदार एखाद्या अंधाऱ्या वाटेने निसटणारच, गनीम हात चोळत बसणारच. त्या ओघात मी वर्गाला आपली घोरपडीची गोष्ट सांगितली: घोरपडीच्या कमरेला दोर बांधायचा, ती कड्याला चिकटली की दोराने माणसं वर. वर्ग मंत्रमुग्ध. घोरपड त्या मुलांच्या ओळखीची, इथे तिला गोआना म्हणतात, पिकनिकला सँडविच पळवते. मी इतका रंगात आलो होतो, की ही गोष्ट कुठल्या देशातली हे सांगायचं राहून गेलं.

परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी केव्हने मला बोलावलं. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

"मेट," तो अतिशय शांतपणे म्हणाला, "मसादावर गोआना का आहे?"

अर्ध्या वर्गाने लिहिलं होतं, की रोमन सैन्य गोआनाच्या साहाय्याने वर चढलं. एकाने तर गोआनांची तुकडीच काढली होती, आणि आकृतीत त्यांना शिरस्त्राणं होती.

मला वाटलं, नोकरी गेली. केव्हने गठ्ठ्यावर डोकं टेकवलं आणि खांदे हलवत हसायला लागला. हसता हसता टेबलाचा एक पाय निखळला. (शुभा म्हणते, पाय आधीपासून निखळलेला होता.) मग डोळे पुसून म्हणाला, "तू आतला माणूस आहेस. मी आयुष्यभर बाहेरचा, सैन्यातला. आपण दोघं मिळून हे शिकवू. तू किल्ला बांध. मी वेढा घालतो."

त्या वर्षापासून ही प्रथा पडली. इथे बारावीचा अभ्यासक्रम ऑक्टोबरात सुरू होतो, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. शाळेमागे शेतीच्या तासांसाठी एक वाफा होता. तिथे मी मुलांना घेऊन, दगड रचून, चिखलात बुडवलेलं गोणपाट अंथरून, पुण्यातल्या अंगणात करायचो तसा किल्ला करायचो. हौद, कोठारं, महाल. आणि उतारावर अळीव पेरायचो. केव्ह भडकायचा, "मृत समुद्राच्या काठी गवत? वेडा आहेस का?" शेवटी तह झाला. अळीव फक्त वरच्या सपाटीवर, कारण मसादावाले खरंच वर पीक काढत. केव्हने स्वतःहून एक रबरी गोआना आणली आणि दर वर्षी ती कड्यावर चिकटवायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. "ऐतिहासिक अचूकता," म्हणायचा.

मग त्याची बाजू. अर्धा वर्ग रोमन. तट, छावण्या आणि माझ्या घमेल्याने वाहून आणलेल्या मातीचा दमदमा. घमेलं त्याला फार आवडायचं. "बादलीपेक्षा शंभर पट शहाणी वस्तू. हे रोमकडे असतं तर तुझा देश वाचला नसता." माती टाकता टाकता तो त्या प्रोजेक्ट मॅनेजरांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा, एका घमेल्याला एक कारण.

"साम्राज्य केवढं, आणि सैन्य? चिमूटभर. सगळीकडे एकाच वेळी उभं राहता येत नाही. मग राज्य कशावर चालतं? आज ना उद्या ते येतातच, या खात्रीवर. हा डोंगर सोडला, तर उद्या शंभर डोंगर म्हणतील, आम्हालाही सोडतील. हे सगळं त्या शंभर डोंगरांसाठी चाललंय. प्रेक्षकांसाठी."

पुढचं घमेलं. "वरचे लोक खाली येऊन गावं लुटत होते. मळे, रस्ते, व्यापार. तेही आहे."

पुढचं. "रोममध्ये नवं घराणं गादीवर बसलेलं. युद्ध जिंकलं म्हणून मिरवणूक काढून झालेली. आणि इथे अजून कुणीतरी लढतंय? शोभत नाही."

आणखी एक. "आणि खर्च म्हणाल तर सैनिकाला बसवून ठेवलं तरी पगार असतोच. रिकामा सैनिक फार वाईट. मी होतो, मला माहीत आहे."

मी तटाच्या आतून ओरडायचो, "एवढीच कारणं? गर्व म्हण की! हत्ती मुंगीवर धावला!"

"हत्ती मुंगीवर धावत नाही, मेट. तो बाकीच्या हत्तींसमोर धावतो."

मुलं टाळ्या वाजवायची. कुणाला, ते ज्या त्या वर्षाच्या वर्गावर.

एक गोष्ट मात्र मी वर्षानुवर्षं बघितली आणि तिचा अर्थ लावला नाही. दमदमा तटापासून एका घमेल्यावर आला की केव्ह थांबायचा. "पुढचं तुझं," म्हणायचा, घमेलं माझ्यापुढे ठेवायचा आणि फावडी गोळा करून नळावर जायचा. शेवटची माती मी टाकायचो. शेवटचं सांगायचोही मीच: तट फोडून रोमन दुसऱ्या सकाळी वर शिरले तेव्हा लढायला कुणी आलंच नाही. सगळीकडे शांतता. वरच्यांनी रात्रीच आपली माणसं आपल्याच हातांनी संपवली होती. पाण्याच्या नळवाटेत लपलेल्या दोन बायका आणि काही मुलं तेवढी उरली. मी हे फार छान सांगायचो. मुली रडायच्या, टोंगन रग्बीवाले नाक ओढायचे. एका इतिहासकाराच्या भरवशावर ही सगळी गोष्ट उभी आहे, आणि तोही आधी बंडखोर होता, मग रोमला मिळाला, हेही बजावायचो. तोवर केव्ह नळावर अवजारं धूत असायचा, आमच्याकडे पाठ करून. मला वाटायचं, प्रमुख आहे, कंटाळा आला असेल.

एकदा विचारलंही. "वर काय झालं ते तू कधीच का सांगत नाहीस?"

"वर गेल्यावर तू बोल, मेट. कुणीतरी अवजारं धुवायला हवीत की नको?"

केव्ह निवृत्त झाला तरी दिवाळीला यायचा. मग मीही निवृत्त झालो, आणि कोविडच्या पहिल्या वर्षी शाळेत बाहेरच्यांना बंदी म्हणून आम्ही त्याच्या परसात किल्ला केला, दोघांत. दोन म्हातारे आणि एक रबरी गोआना. माती मीच वाहिली, कारण एका घमेल्यात त्याला धाप लागत होती. त्याची बायको कधीच गेलेली, मूल नव्हतं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला फुप्फुसांनी पार हात टेकले आणि तो आमच्या घरापासून बारा किलोमीटरवर, क्वेकर्स हिलच्याही पुढे एका वृद्धाश्रमात राहायला गेला. मी स्वतः त्याला सोडायला गेलो. तळमजल्यावरची खोली, खिडकीखाली गुलाबाचा वाफा. गोआना खिडकीच्या कट्ट्यावर बसवून तो म्हणाला, "माती बरी दिसतेय. दिवाळीला इथेच करू."

जूनमध्ये सिडनी बंद झालं.

ज्यांनी ते बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या पश्चिमेच्या भागांवर खास मेहेरबानी होती. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. रोज इतकं खाली यायचं की शुभाच्या पापडांवर पंख्याचा वारा लागून ते वेळेआधी वाळायचे. शेजारच्या गल्लीत पोलिसांबरोबर सैनिक दारं वाजवत फिरत होते. आणि टीव्हीवर बघावं तर समुद्रकाठचे लोक वाळूवर उताणे पडलेले. वृद्धाश्रमाचं दार तर साफ बंद. मित्र म्हणजे नातेवाईक नव्हे, हे मला फोनवर एका अतिशय गोड आवाजाने तीन निरनिराळ्या प्रकारे समजावलं.

ऑगस्टात केव्हचा आवाज खोल जायला लागला तेव्हा मी डोकं चालवलं. गाडीच्या डिकीत घमेलं ठेवलं, त्यात आमच्या परसातली माती, वर अळिवाची पुडी. शुभा दारात उभी.

"अहो, कुठे?"

"जरा फिरून येतो."

"घमेलं घेऊन?"

"वजन उचलणं हासुद्धा व्यायामच आहे."

"दंड झाला तर तुमच्या पेन्शनमधून," ती म्हणाली आणि मास्क हातात दिला.

क्वेकर्स हिलच्या अलीकडेच रस्त्यात पोलीस. या ठिकाणी गोष्टीत पोलीस माझा जुना विद्यार्थी निघायला हवा. मीही काच खाली करताना हीच आशा धरली होती. निघाली एक तरणी, कडक बाई, ती शाळेत इतिहास नव्हे तर सुतारकाम शिकली असणार.

"कुठे निघालात, सर?"

"एका किल्ल्याला वेढा पडलाय. मी मदतीला चाललोय."

तिने लायसन्स बघितलं, पत्ता बघितला, मग मला बघितलं. "डिकी उघडता का?"

उघडली.

"ही माती आहे."

"हो."

"माती कशासाठी?"

"मित्राला द्यायचीय. आजारी आहे तो. त्याच्या खिडकीखाली किल्ला करतो आणि परत येतो. आत जात नाही, कुणाला शिवत नाही."

तिने डिकीचं झाकण हलकेच लावलं. मला वाटलं, पाघळली. मी जोर केला, "एवढं सैन्य, एवढी हेलिकॉप्टरं, आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याला अडवायला? एक गाडी सोडली तर काय बिघडणार आहे?"

तिने माझ्या मागे बोट केलं. मागे गाड्यांची रांग. प्रत्येक काचेतून एक चेहरा, वाकून बघत होता, की हा सुटतो का.

"तुम्हाला सोडलं तर त्या सगळ्यांना काय सांगू?" ती म्हणाली. आवाज कडक नव्हता, दमलेला होता. "दंड करत नाही. घरी जा, सर. प्लीज."

मी गाडी वळवली. घमेल्यातली माती डिकीभर सांडली होती.

दुपारी केव्हला फोन लावला. तिथली एक नेपाळी मुलगी, मनीषा, त्याची देखभाल करायची. ती फोन त्याच्या कानाशी धरायची आणि माझ्याशी हिंदीत बोलायची. मी पोलीसबाईची हकीकत मीठमसाला लावून ऐकवली. तोवर रांगेत शंभर गाड्या आणि एक रणगाडा झाला होता. केव्ह हसला, खोकला, परत हसला.

"प्रेक्षक," तो म्हणाला. "अखेर कळलं ना, मेट? किती वर्षं माती टाकली मी तुझ्या डोक्यात."

"कळलं. तुझं बरोबर होतं."

धाप ओसरल्यावर म्हणाला, "अर्धंच बरोबर होतं. मी नेहमी बाहेर उभं राहून शिकवलं. आता आत आहे. इथे नखशिखांत प्लॅस्टिक घालून लोक जेवण देतात. नाकात काड्या घालतात. बाहेर पोलीस, वर हेलिकॉप्टर. आणि आतल्याला प्रेक्षकबिक्षक आठवत नाहीत रे. आतल्याला फक्त वाटतं, एवढं सगळं? माझ्यासाठी? एवढा खर्च माझ्यावर बायकोनेही केला नव्हता."

माझ्या तोंडून पटकन गेलं, "मग आणखी थोडा करू. मी दमदमा बांधतोय. तुझ्या खिडकीपर्यंत."

"गिरावीनपासून?"

"गिरावीनपासून. आज पायाभरणी झाली."

"शहाणपणाचं काम दिसत नाही," तो म्हणाला. आणि मग, "रुंदी किती धरलीस?"

तेव्हापासून रोज दुपारी मी दमदमा बांधला. फोनवर. आयुष्यभर ज्या थापा फुकट वाटल्या त्यांना पहिल्यांदाच काम मिळालं. गिरावीनच्या मंदिराची मंडळी मी माती वाहायला लावली, टोंगन रग्बीवाले ओंडके ओढायला. मोटरवे आडवा आला, त्यावरून लाकडी पूल टाकला; पुलाचं गणित केव्हने दुरुस्त केलं, माझा पूल पडला असता म्हणे. सप्टेंबरात मॅगपाय पक्षी अंडी घालून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात; त्यांनी माझी एक अख्खी तुकडी पळवून लावली. कौन्सिलने बांधकामाचा परवाना मागितला. मजुरांनी चहाच्या सुट्टीसाठी संप केला.

"संप बरोबर आहे," केव्ह म्हणाला. "मी त्यांच्या बाजूने."

"तू किल्ल्यात आहेस!"

"किल्ल्यातही चहाची सुट्टी असते."

फोन उचलल्या उचलल्या मनीषा विचारायची, "अंकल, आज कितना हुआ? सुबह से पूछ रहे हैं." पुढे पुढे ती स्पीकर लावायला लागली. शेजारच्या खोलीतल्या डोरीनबाई दारात खुर्ची टाकून ऐकायच्या आणि ओरडायच्या, "त्याला सांगा, येताना बिस्किटं आण! चांगली, ती सुकी नको!"

केव्हची एकच तक्रार होती. मी भरभर बांधतो. "घाई नको. रोमला घाई नव्हती. माती दाबून घे." मी म्हणायचो, अरे, तुझ्यासाठीच तर घाई. तो म्हणायचा, "म्हणूनच सांगतोय." मी ते सैन्यातल्या बांधकामवाल्याचं मत म्हणून सोडून दिलं. मी गोष्ट सांगणारा माणूस, मला शेवट दिसायला लागला की पाय थांबत नाहीत.

ऑक्टोबरात जाहीर झालं, दोन लसी घेतलेल्यांना सोमवारपासून मोकळीक. वृद्धाश्रमाच्या गोड आवाजाने सांगितलं, आत नाही, पण बागेत खिडकीबाहेर उभं राहता येईल. मी नाचत फोन लावला.

"केव्ह! दमदमा तुझ्या तटाला भिडला! एक घमेलं राहिलंय. एकच. सोमवारी येतो आणि टाकतो!"

तिकडे काही नाही. मला वाटलं फोन कटला.

"केव्ह?"

"ऐकतोय." श्वास. "अळीव आणशील ना?"

"गवत नको म्हणायचास ना?"

"वरच्या सपाटीवर चालेल. तह झालाय आपला." पुन्हा श्वास. "आणि मेट... छान बांधलास. माझ्यापेक्षा बरा."

शनिवारी सकाळी मनीषाचा फोन आला. ती कधी सकाळी फोन करत नसे. "अंकल," म्हणाली आणि पुढे हिंदीही नाही, नेपाळीही नाही. केव्हला कोविड झालाच नव्हता. झोपेत गेला. चेहरा स्वस्थ होता, ती म्हणाली.

हा लेख शुभाने वाचला. म्हणाली, टेबलाचा पाय खोटा, रणगाडा खोटा, पापड तर शुद्ध बदनामी, पापड आपण विकत आणतो. इथून पुढचं वाचून ती उठून चहा ठेवायला गेली.

सोमवारी मी गेलो. कुणी अडवलं नाही. क्वेकर्स हिलच्या रस्त्यावर पोलीस नव्हते, हेलिकॉप्टर नव्हतं. गाड्या आपापल्या वाटेने चालल्या होत्या, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एवढा तो रस्ता, महिनोन्महिने ज्याच्यावर मी ओंडके ओढले, तो रेडिओवरचं गाणं संपायच्या आत संपला.

बागेतून खिडकीपाशी आलो. आत पलंग स्वच्छ केलेला, गादी उघडी. भिंतीवर काही नाही. मी माझ्या वर्गांना किती वेळा हे सांगितलं होतं, किती आवाज लावून: ते वर शिरले आणि सगळीकडे शांतता होती. शांतता ही काय चीज आहे, हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. नळावर पाठ करून उभा राहायचा त्याला माहीत होतं.

कट्ट्यावर गोआना होती. तोंड काचेकडे, बाहेर. केव्हने पहिल्या दिवशी बसवली होती तेव्हा ती पलंगाकडे बघत होती. तिच्या कमरेला पांढऱ्या बँडेजची पट्टी बांधलेली, आणि तिचं दुसरं टोक लांबवर पलंगाच्या लोखंडी कठड्याला गाठ मारून घट्ट केलेलं.

मनीषा काचेच्या पलीकडे आली. खिडकीची फट उघडून म्हणाली, "मैंने बाँधा, उन्होंने बँडेज माँगा तो. बोले, मेरा दोस्त ऊपर आएगा, उसको रस्सी चाहिए." मग विचारलं, "अंकल, ये छिपकली आप ले जाएँगे?"

मी म्हटलं, "अभी वहीं रहने दो."

मागून डोरीनबाईंचा आवाज आला, "बिस्किटं आणली का त्याने?" आणली होती. चांगली. ती फटीतून आत दिली.

मग मी घमेलं घेऊन उभा राहिलो. त्यात आमच्या परसातली माती, आणि खिशात अळीव. खिडकीखाली टाकायला एकच घमेलं, सगळं आधीच रचून झालेलं. त्या गिरावीनच्या प्रोजेक्ट मॅनेजरांची मला आठवण झाली. एवढा खर्च कशासाठी, मग? मिळालं का उत्तर? रोमचं उत्तर केव्हने केव्हाच दिलं होतं. माझं मी त्या बापाला देऊ शकलो नसतो. इतकंच म्हणालो असतो, की दमदमा चालू होता तोवर वर माणूस होता.

माती मी खिडकीखाली टाकली नाही. लांब, कुंपणापाशी, एका नवख्या गुलाबाच्या मुळाशी ओतली आणि वर अळीव भुरभुरलं. शेजारी बागेचा नळ होता. तो सोडला, खिडकीकडे पाठ केली आणि घमेलं धुवायला घेतलं.